एक मोबाइल, चोवीस मुलं

तिसरी-चौथी एका खोलीत. तिसरीत तेरा, चौथीत अकरा, पट चोवीस. शिक्षक एक आणि मोबाइल एक, तोही शिक्षकाचा स्वतःचा. वाड्यावस्त्यांवरच्या द्विशिक्षकी शाळांत साधारण असंच चित्र असतं. अशा वर्गात कोणतं ॲप वापरावं हा प्रश्न शिक्षण परिषदेत, म्हणजे परिसरातल्या शिक्षकांच्या बैठकीत, निघतो आणि संध्याकाळपर्यंत ग्रुपवर पंधरा-वीस ॲपची यादी येऊन पडते. यादी उघडण्याआधी एक भागाकार करावा. तासिका 35 मिनिटांची. मोबाइल हातोहाती फिरवला तर एकेका मुलाच्या वाट्याला दीड मिनिटही येत नाही. उरलेली तेवीस मुलं तोवर काय करतात, हे आपल्यालाच ठरवावं लागतं.

म्हणून साधन निवडताना दोनच गोष्टी पाहाव्यात असं मला ठामपणे वाटतं. त्यामुळे किती मुलांना पाळी मिळते? आणि तास संपल्यावर कोणत्या मुलाबद्दल शिक्षकाला काय नवं कळतं? मुलांना मजा आली का, हा प्रश्न नंतरचा, कारण पडदा उजळला की मजा येतेच. या कसोट्या लावल्या की बरीच चकचकीत साधनं मागे पडतात आणि मोबाइलमध्ये पहिल्या दिवसापासून असलेलं एक साधन पुढे येतं, ते म्हणजे आवाज रेकॉर्ड करायचं.

वाचन ऐकायचं ते रेकॉर्डरवर

पायाभूत वाचन आणि गणितासाठीचं केंद्र सरकारचं ‘निपुण भारत’ अभियान 5 जुलै 2021 ला सुरू झालं. त्यात दुसरीच्या मुलाने मिनिटाला 45 ते 60 शब्द आणि तिसरीच्या मुलाने किमान 60 शब्द समजून वाचावेत असं उद्दिष्ट आहे. हे मोजायचं तर प्रत्येक मुलाचं वाचन नीट ऐकावं लागतं. दोन वर्ग सांभाळताना ते जमत नाही, कारण एकाचं ऐकत असताना दुसऱ्या कोपऱ्यात पेन्सिलीवरून भांडण सुरू असतं. रेकॉर्डर इथे शिक्षकाचा कान मोकळा करतो. मूल आत्ता वाचतं, शिक्षक दुपारी ऐकतात.

रोज चार मुलं घेतली तर चोवीसचा पट सहा दिवसांत, म्हणजे एका आठवड्यात पूर्ण होतो. महिन्यातून एक आठवडा याला द्यावा. उतारा कागदावर छापलेला द्यावा, पडद्यावर नको. पडद्यावर मुलांची बोटं सरकतात, पान हलतं आणि वाचनाऐवजी तेच निस्तरावं लागतं. तिसरीसाठी 80 ते 90 शब्दांचा उतारा पुरतो, पण तो मुलांनी आधी पाहिलेला नसावा. पाठ्यपुस्तकातला नको, कारण तो निम्म्या वर्गाला तोंडपाठ असतो. प्रथम बुक्सच्या ‘स्टोरीवीव्हर’ या संकेतस्थळावर मराठी गोष्टी चार पातळ्यांत लावलेल्या आहेत, त्या पीडीएफ म्हणून उतरवून छापता येतात. त्या खुल्या परवान्यावर असल्याने छापायला वेगळी परवानगी लागत नाही, फक्त मूळ श्रेय कागदावर ठेवावं. वर्षभराचे उतारे एकाच पातळीतले निवडावेत, नाहीतर जूनचा आकडा आणि नोव्हेंबरचा आकडा यांची तुलनाच होत नाही.

मोबाइल विमान मोडवर टाकावा, नाहीतर वाचन चालू असताना नेमका केंद्रावरून फोन येतो. पडदा खाली करून तो मुलापासून वीतभर अंतरावर वहीवर ठेवावा. माइकचं छिद्र बहुतेक मोबाइलमध्ये खालच्या कडेला असतं, ती कड मुलाकडे हवी. हातात धरायला दिला की मूल नेमकं त्याच छिद्रावर बोट ठेवतं आणि आवाज गुदमरतो. पंखा बंद. व्हरांड्यातली जागा टाळावी. भिंतीला पाठ लावून, पुस्तकांच्या कपाटाजवळ बसवलं तर आवाज घुमत नाही. पत्र्याचं छत असेल तर पावसाच्या सरीत हे काम करूच नये, काही ऐकू येत नाही. बटण दाबायला चौथीतलं एक मूल नेमावं आणि दर महिन्याला बदलावं. सुरुवातीला मुलाने स्वतःचा हजेरी क्रमांक बोलायचा, मग वाचायला लागायचं. नंतर फाइलला ‘07-ऑगस्ट’ असं नाव दिलं की शोधाशोध होत नाही. एका मिनिटाची फाइल साधारण एक एमबीच्या आत बसते, म्हणजे चोवीस मुलांची दहा महिन्यांची नोंद अडीचशे एमबीत मावते.

पहिल्या फेरीत बरीच मुलं गप्प होतात किंवा कुजबुजत वाचतात. त्या फेरीचे आकडे धरू नयेत. मुलाला त्याचा आवाज ऐकवावा आणि पुढच्या फेरीपासून मोजायला लागावं.

रेकॉर्डिंगचा मोठा फायदा असा की मिनिट संपल्यावर मुलाला मध्येच तोडावं लागत नाही. ते परिच्छेद पूर्ण करतं, मिनिटाची खूण आपण ऐकताना आपल्या प्रतीवर करतो. मोजायची रीत सोपी आहे: मिनिटात वाचलेले शब्द वजा चुकलेले शब्द. 62 शब्द वाचले, 7 चुकले, तर 55. मुलाने चुकून लगेच स्वतः सुधारलं तर तो शब्द बरोबर धरायचा. शब्द गाळला तर चूक. घरच्या बोलीतला उच्चार मात्र चूक नाही. ‘पाणी’ला ‘पानी’ किंवा ‘डोळा’ला ‘डोया’ म्हणणाऱ्या मुलाने अक्षर ओळखलेलं आहे, ते आपल्या घरच्या जिभेने बोलतं आहे. असे शब्द चुकीत धरले तर खानदेशातलं, वऱ्हाडातलं मूल कागदावर विनाकारण मागे पडतं.

मराठीत आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. आपले प्रत्यय शब्दाला चिकटतात. ‘झाडाखालच्या’ हा एकच शब्द मोजला जातो, त्यात पाच अक्षरं आणि त्यातलं एक जोडाक्षर. अशा शब्दांनी भरलेल्या उताऱ्यात चांगलं वाचणारं मूलही 50 वर थांबतं, आणि ‘आई आली, घर आलं’ छापाच्या उताऱ्यात तेच मूल 80 ला पोचतं. म्हणून आकडा मुलाच्या आधीच्या आकड्याशी ताडावा, शेजारच्या मुलाशी नाही.

आकड्यापेक्षा मोलाची असते ती चुकांची जात. दुपारी चार फायली ऐकायला सात-आठ मिनिटं लागतात, तेव्हा प्रत्येक मुलापुढे एकच टिपण करावं. ‘सूर्य’, ‘कार्य’ अडतात, म्हणजे रफार पक्का नाही. ‘घरी’च्या जागी ‘घरात’ वाचलं, म्हणजे अर्थ लागतोय पण शेवट डोळ्यांनी पाहिला जात नाही, अंदाजाने पुढे जातंय. प्रत्येक शब्दाआधी तोंडातल्या तोंडात अक्षरं जुळवण्याचा आवाज येतो, म्हणजे अजून अक्षर-अक्षर लावणं चालू आहे आणि त्या मुलाला वेगाचं उद्दिष्ट सांगण्यात अर्थ नाही. पुढच्या आठवड्याचे गट या टिपणांवरून पाडावेत. रफाराचे पाच जण एकत्र बसवले की दहा मिनिटांत काम होतं.

खोलीतल्या शेजारच्या इयत्तेसाठी स्वतःचाच आवाज

बहुवर्ग अध्यापनात, म्हणजे एका खोलीत दोन इयत्ता शिकवताना, रेकॉर्डरचा दुसरा उपयोग आहे आणि तो फार कमी केला जातो: श्रुतलेखन आधीच रेकॉर्ड करून ठेवायचं. पंधरा शब्द, प्रत्येक शब्द दोनदा सावकाश, मग 15 सेकंदांची शांतता. सगळं मिळून पाच मिनिटांच्या आत बसतं. तिसरीच्या बाजूला छोट्या ब्लूटूथ स्पीकरवर ते लावलं की चौथीला भागाकार समजावायला निर्वेध पाच मिनिटं मिळतात. संपल्यावर फळ्याच्या मागच्या बाजूला लिहून ठेवलेले शब्द पाहून मुलं जोडीने वह्या तपासतात, ती आणखी पाच.

इथे चूक होते ती शांततेच्या वेळेत. रेकॉर्ड करताना आपल्याला 15 सेकंद फार लांब वाटतात आणि आपण सातव्या-आठव्या सेकंदालाच पुढचा शब्द म्हणतो. म्हणून समोर घड्याळ ठेवून, किंवा तो शब्द स्वतः कागदावर मुलाच्या वेगाने लिहून मगच पुढे जावं. दुसरीसाठी 20 सेकंद लागतात. प्रत्येक शब्दाआधी क्रमांक बोलावा: ‘चार. पाऊस. पाऊस.’ क्रमांक नसला तर एक शब्द हुकलेलं मूल पुढचं सगळं चुकीच्या ओळीत लिहितं आणि रडवेलं होतं. संख्यांचं श्रुतलेखनही असंच करता येतं. त्रेसष्ट आणि छत्तीस, सत्तेचाळीस आणि चौऱ्याहत्तर अशा उलट्या जोड्या मुद्दाम घालाव्यात. मराठी संख्यानामात एकक आधी ऐकू येतो, लिहिताना दशक आधी येतो, आणि गोंधळ तिथेच होतो.

पहिली-दुसरीच्या वर्गात कीबोर्डवरचं मराठी बोलून टंकन करायचं बटणही कामाचं आहे. मूल एक वाक्य बोलतं, ‘आमच्या शेळीला दोन करडं झाली’, आणि अक्षरं उमटतात. आपलं बोलणं लिहिता येतं आणि लिहिलेलं वाचता येतं, हे त्याला डोळ्यांसमोर दिसतं. ते वाक्य मोठ्या अक्षरात तक्त्यावर लिहावं, खाली मुलाचं नाव. आठवड्यात पाच वाक्यं जमली की वर्गाचा स्वतःचा वाचनपाठ तयार होतो. बोलून केलेल्या टंकनात विरामचिन्हं बहुधा येत नाहीत आणि बोलीतला शब्द आला की यंत्र त्याच्या जागी ओळखीचा दुसराच शब्द टाकतं. तक्त्यावर उतरवताना मुलाने म्हटलेला शब्दच परत आणावा, नाहीतर ते वाक्य त्याचं राहत नाही.

रीड अलाँग कोणाला द्यावं

गूगलचं हे ॲप 2019 मध्ये भारतात ‘बोलो’ नावाने आलं आणि 2020 मध्ये त्याचं नाव ‘रीड अलाँग’ झालं. मूल मोठ्याने वाचतं, ॲप ऐकतं, अडलेल्या शब्दावर बोट ठेवलं की ॲपमधली मदतनीस ‘दिया’ तो म्हणून दाखवते. मराठी गोष्टी आहेत, आणि आधी उतरवून ठेवल्या तर नेट नसतानाही चालतात. गोष्टी घरी वायफायवर किंवा रेंजच्या जागी उतरवून घ्याव्यात. वर्गात बसून उतरवायला लागलं की तास तिथेच संपतो.

एका मुलाला निदान आठ मिनिटं मिळाली तरच याचा उपयोग होतो. म्हणजे एका तासिकेत चार मुलं, फार तर. म्हणून ते सगळ्या वर्गाला फिरवू नये. ज्यांना अक्षरं येतात पण शब्द जोडताना अडतं, अशी प्रत्येक वर्गात चार-सहा मुलं असतात, त्यांनाच आठवड्यातून तीनदा द्यावं. अक्षरओळखच नसलेल्या मुलाला ॲप शिकवत नाही, तिथे शिक्षकाने जवळ बसायला हवं. सुरळीत वाचणाऱ्याला पुस्तक द्यावं, त्याला त्यातच जास्त मिळतं.

दोन गोष्टी हमखास बिघडतात. एक, शेजारी बसलेलं मूल मोठ्याने सांगतं आणि ॲप त्याचाच आवाज बरोबर धरतं. तारेचा माइकवाला इयरफोन लावला की हे बरंच कमी होतं. बऱ्याच नवीन मोबाइलला इयरफोनची गोल खाच नसते, तेव्हा जुना मोबाइल या कामाला ठेवावा. दोन, हुशार मुलं युक्ती शोधतात: प्रत्येक शब्दावर आधी बोट ठेवून ऐकायचं आणि मग म्हणायचं. ॲपमधले बक्षिसाचे तारे भराभर मिळतात, वाचन शून्य. ताऱ्यांची बेरीज फळ्यावर लिहिली तर हे दोन दिवसांत वर्गभर पसरतं. तारे लिहू नयेत. त्या मुलाला तीच गोष्ट कागदावर वाचायला सांगावी, लगेच कळतं.

प्लिकर्स: चोवीस उत्तरं एका नजरेत

सगळ्या वर्गाला एकाच वेळी पाळी देणारं साधन एका मोबाइलवर चालतं, हे पटायला थोडा वेळ लागतो. प्लिकर्समध्ये प्रत्येक मुलाच्या हातात फक्त कागदाचं कार्ड असतं. त्यावर काळी चौकोनी नक्षी, चार बाजूंना बारीक ए, बी, सी, डी, आणि कार्डाचा क्रमांक. मुलाला जे उत्तर वाटतं ते अक्षर वरच्या बाजूला येईल असं कार्ड धरायचं. शिक्षक मोबाइलचा कॅमेरा वर्गावरून फिरवतात आणि कोणाचं उत्तर काय ते पडद्यावर उमटतं. प्रत्येक कार्डाची नक्षी वेगळी असल्याने शेजाऱ्याचं पाहून तसंच धरलं तर उत्तर वेगळंच जातं. त्यामुळे नक्कल होत नाही आणि चुकलेलं मूल चारचौघांत उघडं पडत नाही. हात वर करायला लाजणाऱ्या मुलाचंही उत्तर मिळतं, आणि मला या साधनाची खरी थोरवी तिथे वाटते.

40 कार्डांचा संच संकेतस्थळावरून मोफत उतरवता येतो, एका ए4 पानावर दोन कार्डं, म्हणजे 20 पानं. छपाई गडद हवी. झेरॉक्सची शाई पुसट असेल तर कॅमेरा नक्षी ओळखत नाही. कार्डं जुन्या लग्नपत्रिकांच्या जाड पाठीवर चिकटवली तर वर्षभर टिकतात. चकचकीत लॅमिनेशन करू नये. खिडकीचा उजेड त्यावर चमकतो आणि तीच चार कार्डं दर वेळी राहून जातात. टिकाऊपणासाठी आवरण हवंच असेल तर मंद, न चमकणारं घ्यावं. कार्ड धरताना बोटं काळ्या भागावर येऊ नयेत म्हणून कडेला दोन ठिपके काढून द्यावेत: अंगठे इथे.

हजेरी क्रमांक हाच कार्ड क्रमांक ठेवला की लक्षात ठेवावं लागत नाही. पण जोडवर्गात दोन्ही इयत्तांचे क्रमांक एकपासून सुरू होतात. तिथे तिसरीला 1 ते 13 आणि चौथीला 21 ते 31 द्यावेत, एकक तोच राहतो. वर्गाची यादी करताना मुलांची पूर्ण नावं घालायची गरज नाही, ‘ति-07’ एवढं पुरे. प्रश्न आदल्या दिवशी भरून ठेवावेत. मोफत खात्यात एका संचात थोडेच प्रश्न बसतात, आणि ते एका अर्थी बरं आहे, कारण रोज तीन प्रश्नांपेक्षा जास्त विचारायची गरजच नसते. हे नेटवर चालणारं साधन आहे. जिथे रेंज दारातल्या पायरीवरच मिळते, तिथे त्यावर विसंबू नये. अशा शाळेत चार रंगांच्या पुठ्ठ्यांची कार्डं वापरावीत. नोंद राहत नाही, पण पाळी सगळ्यांना मिळते.

साधन कितीही चांगलं असलं तरी चुकीचे पर्याय विचारपूर्वक दिले नाहीत तर हाती काही लागत नाही. प्रश्न घ्या: 403 वजा 178. पर्याय ए 225, बी 375, सी 235, डी 581. डी धरणाऱ्याने बेरीज केली, चिन्हच पाहिलं नाही. बी धरणाऱ्याने प्रत्येक स्थानी मोठ्यातून लहान वजा केला: 8 मधून 3, 7 मधून 0, 4 मधून 1. त्याला खालचा अंक वरच्यापेक्षा मोठा असताना करायचं काय हेच कळलेलं नाही. सी धरणाऱ्याला ते कळलं आहे. त्याने शतक सोडून दहा दशक केले, एकाला सुटं करून एककांना दिलं, आणि दशकांत नऊ उरले हे लिहायला विसरला. तीन चुकांवर तीन वेगळे उपाय आहेत. बी-वाल्यांना काड्यांचे गठ्ठे द्यावेत, शंभराचा गठ्ठा सोडून दहा-दहाचे करायला लावावेत, नुसतं पुन्हा फळ्यावर गणित सोडवून दाखवू नये. सी-वाल्यांना फक्त मधली पायरी लिहायची सवय लावली की पुरतं. डी-वाल्यांना चिन्हाभोवती गोल करायला सांगितलं तरी फरक पडतो. एका प्रश्नाने गट पडले, आणि वेळ गेला दोन मिनिटं. तपासायला चोवीस वह्या घरी नेल्या असत्या तर हेच दुसऱ्या दिवशी कळलं असतं.

पर्याय सुचत नसतील तर मुलांच्या जुन्या वह्या काढाव्यात. खरी चुकीची उत्तरं तिथेच असतात.

टीव्ही आणि व्हिडिओ

लोकवर्गणीतून आलेला स्मार्ट टीव्ही बऱ्याच शाळांत आहे. त्याची अडचण अंतराची आहे. चित्राच्या उंचीच्या सहापट अंतरापर्यंतच बारकावे नीट दिसतात, असा एक जुना अंदाज आहे. 43 इंची टीव्हीची उंची साधारण 53 सेंटिमीटर, म्हणजे तीन-सव्वातीन मीटर. 32 इंचीची 40 सेंटिमीटर, म्हणजे अडीच मीटरच्या आत. शेवटच्या रांगेतलं मूल पाच-सहा मीटरवर बसतं. बालभारतीच्या पुस्तकाचं अख्खं पान पीडीएफमधून टीव्हीवर लावलं तर अक्षर कसंबसं दुप्पट होतं आणि मागच्यांना मात्रा-वेलांट्या दिसत नाहीत. पान रुंदीला ताणून अर्धं-अर्धं दाखवावं. स्वतः तयार केलेल्या पानावर सातपेक्षा जास्त ओळी नकोत. मुलं सतरंजीवर बसत असतील तर टीव्ही भिंतीत उंच ठोकू नये, खालची कड साडेतीन फुटांच्या आसपास असावी, आणि समोर खिडकी नको.

मोबाइलचा पडदा बिनतारी टीव्हीवर टाकणं ऐनवेळी अडतं. केबल घ्यायची तर आधी मोबाइलच्या खाचेतून चित्र बाहेर जातं का ते विचारून घ्यावं. स्वस्त मोबाइलच्या टाइप-सी खाचेत ती सोय बहुधा नसते आणि केबल पडून राहते. सगळ्यात भरवशाचा आपला पेनड्राइव्ह: फॅट32 पद्धतीने तयार केलेला, फाइल चार जीबीच्या आतली, एमपी4 आणि त्यातही एच264 या पद्धतीने साठवलेली. जुने टीव्ही एच265 ही नवी पद्धत उघडत नाहीत, नुसता आवाज येतो किंवा तेही नाही.

व्हिडिओंसाठी ‘दीक्षा’ आहेच. शालेय साहित्याचं हे सरकारी व्यासपीठ 5 सप्टेंबर 2017 ला सुरू झालं. पुस्तकातला क्यूआर कोड स्कॅन केला की त्या पाठाचं साहित्य उघडतं. पुस्तकांत क्यूआर कोड ही कल्पना सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले यांनी रुजवली, त्यांना 2020 चा ग्लोबल टीचर प्राइज मिळाला. कोड फाटलेला किंवा पुसट असेल तर खाली छापलेली सहा अक्षरं-अंक टाइप केले तरी चालतं. शून्य आणि इंग्रजी ओ यांत गल्लत होते, तेवढं पाहावं. साहित्य आधी उतरवून ठेवता येतं. व्हिडिओ तीन-चार मिनिटांचाच घ्यावा, स्वतः पूर्ण पाहून घ्यावा आणि कुठे थांबवायचा त्या दोन जागा लिहून ठेवाव्यात. थांबवून ‘आता पुढे काय होईल?’ असं विचारलं नाही तर मुलं बघतात आणि विसरतात. यूट्यूब थेट लावू नये. पुढचा व्हिडिओ आपोआप सुरू होतो आणि मधली जाहिरात काय असेल त्याचा नेम नाही.

व्हिडिओपेक्षा मला ‘फेट’ची सिम्युलेशन्स, म्हणजे पडद्यावर स्वतः हलवून-बदलून पाहायचे प्रयोग, कितीतरी जवळची वाटतात. कोलोरॅडो विद्यापीठाचा हा प्रकल्प 2002 पासून चालू आहे, त्यातली अनेक सिम्युलेशन्स मराठीत आहेत, आणि प्रत्येकाची एकच फाइल उतरवून ब्राउझरमध्ये नेटशिवाय उघडता येते. चौथीला अपूर्णांक शिकवताना भाग हलवून दाखवता येतात. अट एवढीच: आधी भाकरीचे किंवा कागदाचे चार भाग मुलांनी हाताने करावेत, मग पडदा. उलट क्रमाने केलं तर पाव म्हणजे ‘निळा तुकडा’ एवढंच डोक्यात बसतं.

मुलाच्या हातात मोबाइल देताना

सेटिंगमधलं ‘ॲप पिनिंग’ चालू करावं. मग मुलाला त्या एका ॲपच्या बाहेर जाता येत नाही. स्वतःच्या मोबाइलमध्ये बँकेचं ॲप, घरचे फोटो, सगळं असतं, त्यामुळे हा सोपस्कार दर वेळी करावाच. मुलांची नावं, फोटो, आवाज ही त्यांची माहिती आहे. 2023 चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा 18 वर्षांखालच्या प्रत्येकाला मूल मानतो आणि त्याच्या माहितीसाठी पालकांची संमती हा त्याचा पाया आहे. जूनच्या पालक सभेत साध्या मराठीत सांगावं: आम्ही तुमच्या मुलाचं वाचन रेकॉर्ड करणार, ते शाळेतच राहील, ग्रुपवर जाणार नाही. एका कागदावर सह्या घ्याव्यात. आणि खरंच ग्रुपवर टाकू नये, छान वाचणाऱ्या मुलाचंसुद्धा नाही, कारण मग न टाकलेल्या मुलाच्या आईला जे कळायचं ते कळतं.

घरचा अभ्यास मोबाइलवर अवलंबून ठेवू नये. घरातला फोन वडिलांबरोबर कामावर जातो आणि रात्री परत येतो तेव्हा मूल झोपलेलं असतं.

शाळेला टॅब मिळाले असतील तर त्यांचं सगळ्यात जास्त नुकसान मे महिन्यात होतं. बॅटरी पूर्ण उतरलेले टॅब कपाटात दीड महिना राहिले की जूनमध्ये चार्जच घेत नाहीत. पूर्ण भरलेलेही उन्हाच्या तडाख्यात पत्र्याखाली फुगतात. निम्म्यावर, म्हणजे 50 टक्क्यांच्या आसपास आणून, बंद करून, भिंतीला न लागलेल्या खालच्या कप्प्यात ठेवावेत. मागचं झाकण उचललेलं दिसलं तर तो टॅब पुन्हा चार्जिंगला लावू नये.

सुट्टीआधीच्या त्याच आवराआवरीत रेकॉर्डिंगच्या फायलींचं काम उरकावं. प्रत्येक मुलाला बोलावून पहिली मोजलेली फाइल आणि एप्रिलची फाइल लागोपाठ ऐकवावी, एकट्याला, इयरफोनवर. मग सगळ्या फायली टिपणांसह पेनड्राइव्हवर घ्याव्यात. तिसरीच्या मुलांच्या फायली पुढच्या वर्षी त्यांना शिकवणाऱ्या शिक्षकाकडे जाव्यात. चौथीच्या मुलांच्या फायली, पालक हो म्हणाले तर, पाचवीच्या शाळेतल्या बाईंना किंवा गुरुजींना द्याव्यात. रफारावर अडणारं मूल जूनमध्ये नव्या वर्गात बसेल तेव्हा त्याची परीक्षा पुन्हा पहिल्यापासून घ्यावी लागणार नाही. पेनड्राइव्ह उघडून खात्री केली की मोबाइलवरच्या फायली पुसून टाकाव्यात.